नियम नसलेलं पॅकेट

विट्याचं कॉलेज, लॅब नंबर चार, रात्रीचे पावणेदोन.
डेबियन चढवलं. जावाची आवृत्ती दोनदा बदलली.
सर्व्हिस लाल, लाल, परत लाल,
मग चहा गार झाल्यावर कधीतरी हिरवी.
आता खालच्या अकरा स्विचना स्वतःचं डोकं नाही.
अनोळखी पॅकेट आलं की ते वर विचारतात,
ह्याला कुठं सोडू?

नबीलालचाचा मुलाणी आळसंदच्या पाटावर पाटकरी.
फावड्याला हात लावलेला मी कधी पाहिला नाही.
नुसतं सांगायचे,
आज हजाऱ्यांकडं, परवा वरच्या माळाला.
गेटची चावी सदऱ्याच्या आतल्या खिशात.

चाचणी म्हणून कंट्रोलरची वायर मी उपटली.
पिंग चालूच!
शिकवलेलं स्विचना पाठ होतं,
मुदत संपेस्तोवर.

चाचा गेले त्या आठवड्यातही
पाणी त्यांच्याच पाळीनं फिरलं,
सोमवारी हजारे, बुधवारी माळ, कुणी भांडलं नाही.
मग जाधवांच्या थोरल्या सुनेनं पडीक तुकड्यात नवी लावण केली,
आणि तिची पाळी कुठली
हे विचारायला
पाटावर कुणीच नव्हतं.

वायर परत लावली.
दोन पंचवीस.
लॉगमध्ये एकेक करत
अकराही जण हजर.