बेगमी

वैशाखात आमच्या पाड्यावर
पडवीत लाकडं रचतात,
आढ्याला सुकट टांगतात,
नागली कणगीत जाते
आणि शाळेमागच्या पत्र्याच्या खोलीत
मी ऊन भरून ठेवते.

तीन उभ्या टाक्या. वर पाटी: विडी-काडी बाहेर.
आतलं दिसत नाही, वास येत नाही,
पेटलं तर भर दुपारी ज्योतही दिसणार नाही.
आयटीआयच्या सरांनी सांगितलेलं
मी सभेत तसंच्या तसं सांगितलं.

हौसाबाई गावित उठली.
"ऊन घे गं, हवं तेवढं घे.
पण त्याला आमचं पाणी का पाजतेस?"

रोजचे दोन हंडे.
विहिरीत उतरून, वाटीवाटीनं भरलेले.
मी खोटं बोलले नाही.
पाणी फोडल्याशिवाय ऊन साठत नाही;
एक वायू वाऱ्यावर सोडायचा, दुसरा कोंडायचा.
दोनातला एक हंडा मी घरचा लावला,
तरी त्या महिन्यात
कुणाच्या हळदीला मला बोलावणं आलं नाही.

आता श्रावण.
एकवीस दिवस झाले, सूर्य नाही.
पॅनलवर गोगलगाय चढलीय, तिला घाई नाही.
बाऱ्ह्याकडून येणारी लाईन
सादड्याच्या झाडाखाली आडवी पडलीय,
वायरमनचा फोन लागत नाही.

मी झडप फिरवते.
काटा जरासा थरथरतो,
रवीचा यावा तसा आवाज.
आधी उपकेंद्रातला लशींचा फ्रीज,
मग चक्की.
रांगेत पहिली नागली हौसाबाईचीच.
पीठ हातावर घेऊन ती म्हणते, गरम आहे.
चक्कीचं पीठ गरमच असतं, मावशी.
"असू दे," म्हणते.

यंत्राच्या पोटाखालच्या नळीतून
थेंब थेंब पाणी पडतं, हंड्यात.
ती बोट बुडवते, जिभेला लावते.
"कुठल्या विहिरीचं गं हे?"
तुमच्याच.
"नाही. आमच्याला गाळाची चव होती."

वहीत मी लिहिते: गेले दोन, परत दीड.
अर्ध्याचा हिशेब लागत नाही;
वाफ झाली असेल, धुक्यात मिसळली असेल,
साहेबांना विचारायला हवं.

बाहेर पन्हळी फुटाव्यात असा पाऊस.
तिच्या अंगणात, ओट्यावर, चुलीपर्यंत पाणी.
तरी हौसाबाई तो हंडा उचलते,
डोक्यावर घेते,
त्याचं तोंड पदरानं झाकते
आणि चिखलातून, जपून, घरी नेते.