बत्तीस अक्षरं

रणोलीच्या प्लँटमध्ये, सात नंबर टाकीच्या डोक्यावर
मी उभी आहे, एक पाय अजून शिडीवर.
खालून भीखाभाई ओरडतो, "निंबाळकरबेन, संभाळजो!"
आणि वॉकीटॉकीतून कंट्रोल रूम तेच तेच विचारते:
बारा पॉइंट एक दाखवतंय, खरं समजायचं का?

खरंखोटं इतक्यात कसं सांगू.
दोन तारा आहेत, एकमेकींना पीळ घातलेल्या.
वरून जाळीचा पदर.
तो एकाच टोकाला जमिनीशी बांधायचा,
दुसरं टोक कापून, टेप गुंडाळून, मुकाट सोडायचं.
दोन्हीकडे बांधलात तर गुणगुणायला लागतो.
हे फणसे सरांनी शिकवलं, आयटीआयच्या गळक्या शेडमध्ये,
एकटीच मुलगी म्हणून मला पहिल्या बाकावर बसवून.
शिवाय हे, की रिकामी टाकी चार मिलीअँपियर पाठवते.
शून्य नाही. शून्य म्हणजे तार तुटली.
"सांगण्यासारखं काही नाही" आणि "सांगायला कुणीच नाही"
यांच्यात चार मिलीअँपियर असतात, पोरी.

त्याच प्रवाहावर आणखी एक बोलणं चालतं.
बाराशेची शीळ म्हणजे एक, बावीसशेची म्हणजे शून्य.
जेवढी वर जाते तेवढीच खाली येते,
प्रवाहाला पत्ताही लागत नाही.
मला हे समजायला वेळ लागला नाही.
मांडवीत मी गुजरातीत घासाघीस करते
आणि त्याच दमात लेकीला मराठीत दटावते,
भाजीवाल्याच्या हिशेबात पैचा फरक पडत नाही.

फक्त वाटेत अडीचशे ओहमचा अडसर हवा,
नाहीतर पॉवर सप्लाय ती शीळ गिळून टाकतो.
"घरमां सासू जोईए, एवुं," भीखाभाई म्हणतो.
तो विधुर आहे. सासूची आठवण काढतो, बायकोची नाही.

चिमटे लावले. पडद्यावर: शोधतोय.
शोधतोय.
मग सापडली. टाकी म्हणते, मी दहा पॉइंट सात पाठवतेय.
पॅनेल म्हणतं, मला बारा पॉइंट एक मिळतंय.
दोघंही खोटं बोलत नाहीत.
मध्येच कुठून तरी एक पॉइंट चार शिरतोय,
न बोलावता.

बटणं दाबत मी आत आत गेले.
टॅग, रेंज, सीरियल नंबर,
आणि निरोपाचा तो रकाना, जो कुणी कधी भरत नाही.
तो भरलेला होता.
रोमन लिपीतली मोठी अक्षरं, शब्द मात्र आपले:
ग्लँड ढिला आहे. पावसाळ्यात बघा.
तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

त्या रकान्यात बत्तीसच अक्षरं मावतात.
मी टाकीवर उभ्या उभ्या बोटांवर मोजली,
इंग्रजी स्पेलिंग धरून, जागा आणि टिंब धरून.
बरोबर बत्तीस.
नावाला जागा उरली नव्हती.

लूप बंद करवला. परमिटवर सही. झाकण उघडलं.
टर्मिनलखाली चमचाभर पाणी,
स्क्रूंवर हिरवट बुरशीसारखा गंज,
पाण्यातूनच प्रवाह आपली वाट काढत होता.
पुसलं, तारांची टोकं नव्यानं सोलली,
रबराची रिंग बदलली, ग्लँड आवळला,
मनगट दुखेपर्यंत, आणि वर आणखी अर्धा आटा.

"आवी गयुं," कंट्रोल रूम म्हणाली. "दस पॉइंट सात."
भीखाभाईनं खालूनच हात जोडले, मला की टाकीला, कळलं नाही.

आता तो निरोप खोटा होता.
खोटा निरोप ठेवायचा नाही, पुढचा माणूस फसतो.
तरी पुसायच्या आधी मी तो डायरीत उतरवून घेतला.
मग लिहिलं: ग्लँड बसवला. आणि आजची तारीख.
चौदा अक्षरं.
अठरा मोकळी राहिली, नाव सहज मावलं असतं.
कर्सर लुकलुकत होता.
खाली चहा आला होता, गार होत होता,
मी झाकणाचा शेवटचा स्क्रू शोधत होते.