सहाचा आठ

लेंतच्या तिसऱ्या शुक्रवारी लोविसे आली,
बेटावरची सुईण, वय एकाहत्तर,
बुटांवरचा बर्फ उंबऱ्यावरच झटकून.
मी क्षमेची तयारी करून बसलो होतो.
ती काय सांगणार, मला ठाऊक होतं.

देवळाच्या जन्मनोंदवहीत, पान एकशे बारा,
काल्यूच्या सालातल्या सहाचा
कुणीतरी आठ केला आहे.
एकच रेघ, पण शाई वेगळी, जराशी निळसर.
त्या रेघेमुळे
गणवेशवाले आले तेव्हा काल्यू दोन वर्षांनी लहान ठरला,
आणि त्याच्या वर्गातले बाकीचे सात
जिथे गेले तिथे गेला नाही.
आज तो दीपगृहात तेल भरतो. चार मुली आहेत त्याला,
चारही लोविसेच्याच हातावर जन्मलेल्या.

खोटं ते खोटंच, मी मनाशी घोकलं होतं,
आणि त्यापुढच्या कृपेच्या वचनाशी
खूण घालून ठेवली होती.

लोविसेनं पिशवीतून हातमोजे काढले.
लोकरीचे, तांबडे-पांढरे, विणीत चांदण्या,
अंगठ्यापाशी रफू.
"मारेटचे," ती म्हणाली. "बाळंतपणात गेली ती.
जाताना म्हणाली, पोरीला दे, मोठी झाली की.
त्या रात्री उणे वीस होतं. मी घालून घरी आले.
मग म्हटलं, एवढा हिवाळा.
मग पोरगी मोठी झाली, आणि
द्यायचं म्हणजे सांगायचं आलं.
एकतीस हिवाळे, पास्टर.
हात उबेत असायचे आणि मन खात असायचं."

मी वाट पाहिली. चुलीत ओंडका तडकला.
"आणि तो आठ?"

आडव्या आलेल्या मुलाकडे पाहावं
तसं तिनं माझ्याकडे पाहिलं.
"त्याचं मी देवाला रोज सांगते.
माफी नाही मागत, नुसतं सांगते.
पटलं नसेल तर तो बोलेल.
लिहिताना हात हलला नव्हता माझा."

आता माझं.
मी एका अक्षरानंही खोटं बोललेलो नाही.
दोन वर्षांमागे, शरदात, कचेरीतला माणूस आला,
नम्र, चष्म्यावर वाफ धरलेली.
म्हणाला, नावं नकोत, आकडा द्या फक्त,
रविवारी किती येतात, आणि त्यात शाळेतलं कुणी?
एक्केचाळीस, मी म्हणालो. आणि हो, एक.
खरं होतं. मोजून खरं.
शाळेत शिक्षिकाच एक होती.
बर्फ वितळायच्या आत एंदलाच्या हातातला खडू गेला,
आता ती पलीकडे सामूहिक शेतावर गाई धुते.
एंदला. मारेटची मुलगी.

त्या रात्री कोंबडा आरवला नाही.
मी त्याच्याच भरवशावर झोपलो होतो.

लोविसेच्या डोळ्यातलं कुसळ काढायला
चिमटा घेऊन बसलो होतो मी,
मुसळावर रेलून.

क्षमेचे शब्द म्हटले.
ते माझे नव्हते म्हणूनच म्हणता आले.
ती आमेन म्हणाली, हातमोजे पुढे सरकवले:
"गुडघे गेलेत माझे. तुम्हीच न्या.
थंडी फार वाटली तर घाला वाटेत,"
आणि हसली, दात नसलेलं.

सामुद्रधुनी गोठली आहे. पलीकडचा किनारा सात किलोमीटर.
हातमोजे कोटाच्या आतल्या खिशात,
बोटं उघडी, निळी पडत चाललेली.
खालून बर्फ कण्हतो अधूनमधून.
दोन वाक्यं घेऊन निघालोय.
पहिलं पाठ आहे: हे तुझ्या आईचे.
दुसरं चालता चालता जुळवतोय,
आणि दर वेळी ते सुरू होतं "त्यांनी"पासून.
मी थांबतो. श्वास घेतो. खोडतो.
पुन्हा:
मी