शेरा

पर्वरीच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं,
जे मूल प्रश्न विचारतं तेच शिकत असतं.
म्हणून चोडणच्या शाळेत, चौथीच्या प्रगतिपुस्तकात
मी लिहिलं : सोयरू कुष्टा हरमलकर.
शेरा : वर्गात बोलत नाही.
पुस्तक परत आलं. बापाची वाकडी सही,
तिला खाजनाच्या चिखलाचा वास.

मी तरी कधी विचारलं होतं?
पेडण्यात बाबा मांडीवर थाप देत
पखवाजाचे बोल घोकून घ्यायचे.
अर्थ विचारला तर म्हणायचे, आधी हात बसू दे.
हात बसला.
अर्थ विचारायचा राहून गेला.

भरती-ओहोटीचा धडा आला तेव्हा
कुष्टाने निरोप पाठवला, बाईंनी अवसेला मानशीवर यावं.

बांधावर कंदील. खाजनात काळं पाणी,
मानशीची लाकडी दारं अर्धी बुडालेली.
मी विचारत सुटले. जाळं कधी लावायचं?
पाणी फिरलं हे कळतं कसं?
घड्याळ बघता का?
कुष्टाने कंदील माझ्या हातात दिला.
आणि सोयरू, माझ्या वर्गातला तो मुका सोयरू,
पाण्यावरची नजर न काढता म्हणाला,
"बाय, वगी राव. पळय."

गवताची एक काडी आत येत होती.
येता येता थांबली.
जागच्या जागी किंचित वळली,
मागून कुणी नावाने हाक मारावी तशी,
आणि बाहेर निघाली.
तोवर जाळं लागलं होतं.
बापलेकांत एक शब्द झाला नव्हता.

आता प्रश्न विचारून झाला की मी थांबते.
थांबणं लांबलं की वास्कोहून आलेली मृणाली बांदेकर
बाकावर चुळबुळते.
तिच्या घरी जेवताना सगळे वाद घालतात,
गप्प बसलं तर ताप आलाय का बघतात.
तिला मी कुठल्या तोंडाने म्हणू, वगी राव?

सहामाहीत प्रश्न होता :
ओहोटी म्हणजे काय? गुण दोन.
सोयरूने एक बारीक आडवी रेघ काढली होती,
एका टोकाला जराशी वळलेली.
बाकी कोरं. ओहोटी नाही,
त्यांच्या घरातली सुकतीसुद्धा नाही.

मी दोन्ही गुण दिले.

तपासणीला आलेल्या साहेबांनी
रेघेवर बोट ठेवून कारण विचारलं.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरात
पुढची अवस कधी आहे ते बघितलं.