इतर (नमूद करा)

स्वारगेटच्या पास केंद्रावर
खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून विचारलं,
शाखा?
म्हटलं, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, राज्यशास्त्र,
थोडा इतिहास,
आणि पुढच्या वर्षी भूगोलही आहे.
मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.
अगं, कला, वाणिज्य की विज्ञान?
मग माझी दया येऊन
त्यांनीच लिहिलं : इतर.
सुटे द्या.

तेव्हापासून भेकराईनगर ते डेक्कन
मी रोज इतर म्हणून जाते.
खिडकीशी जागा मिळाली तर वाचते,
नाही मिळाली तर दांड्याला लोंबकळत
लोकांच्या पिशव्या वाचते.

मावशी विचारते, म्हणजे पुढे तू होणार कोण?
तिच्या सागरचं एका शब्दात होतं.
आई फॉल-पिकोच्या मशीनवरून मान न उचलता म्हणते,
शिकतेय ती. मोठं आहे काहीतरी,
मला नीट सांगता येत नाही.
मलाही नाही येत, आई.

अर्थशास्त्राच्या तासाला माणूस शहाणा असतो,
फायदा-तोटा बघून वागतो.
मधल्या सुट्टीनंतर, मानसशास्त्राला,
तोच माणूस रात्रभर झोपत नाही
आणि सकाळी नको तेच निवडतो.
राज्यशास्त्राला तो मत देतो.
इतिहासाचे सर म्हणतात, असा माणूस होता
याला पुरावा काय?
मी सगळ्यांना एकाच वहीत राहायला जागा दिलीय.
समासात त्यांची भांडणं चालतात.

तिसऱ्या सत्राला प्रकल्प.
वारज्याचा मजूर अड्डा, सकाळी सात,
रुबीना तांबोळी, ओजस आणि मी,
गळ्यात ओळखपत्रं, हातात प्रश्नावली.
प्रश्न पाच. आपण काय काम करता?
बिगारी, गवंडी, रंगारी, घरकाम,
इतर (नमूद करा).
आणि पुढे बोटभर टिंबटिंब.

चांगुणाबाई म्हणाल्या, घावंल ते.
परवा मांडव सोडला.
त्याच्या आधी एका म्हातारीला
दवाखान्यात धरून बसले, तिची पोरं येईस्तवर.
अन् गेल्या महिन्यात कसलं तरी शूटिंग होतं,
तिथं गर्दीत हुबी ऱ्हायले. तीनशे दिले.
गर्दी हे काम धरत्यात का? धरत असतील तर लिही.

मी लिहिलं. टिंबं संपली,
अक्षरं वळून कागदाच्या कडेनं वर चढली,
प्रश्न सहाच्या अंगावरून गेली.

अन् तुला किती देत्यात याचे?
पैसे नाही, मार्क देतात.
किती?
वीसपैकी.
त्यांनी अख्ख्या अड्ड्याला ओरडून सांगितलं,
हिला वीसच हायत गं! त्येबी पुरे न्हाईत!

बासष्ट कागद. त्यातले एक्केचाळीस इतर.
ओजस म्हणाला, जवळच्या रकान्यात ढकलू,
गर्दी म्हणजे बिगारीच की.
कणबरकर मॅडमनी पेनाचं टोपण काढलं,
परत लावलं.
एवढी माणसं इतरमध्ये जातात
तेव्हा माणसं चुकलेली नसतात, म्हणाल्या.
प्रश्न फाडा. परत जा.

आम्ही परत गेलो. या वेळी कोरे कागद,
आणि कोरा कागद धरून उभं राहायला
छापील कागदापेक्षा जास्त लाज वाटते
हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.
चांगुणाबाई नव्हत्या.
कामाला गेली, कुणीतरी म्हणालं.
कसल्या?
ते काय म्हाईत न्हाई.
रुबीनानं तेवढंच लिहून घेतलं, जसंच्या तसं.

पास संपला. तीच खिडकी, तोच चष्मा.
इतरच ना गं तू?
हो, म्हटलं, पण पुढे थोडी जागा सोडाल?
जागा नाहीये फॉर्मवर, बाई म्हणाल्या,
आणि शिक्का हाणला
तो नेमका माझ्या नावाच्या शेवटच्या अक्षरावर.
सुटे द्या.