जाणारा सर्व्हर

"येतंय सगळं, जात काही नाही,"
फोगो बेटावरून ऑर्डेला पेन्टन सांगते.
मागे किटली शिट्टी मारतेय, ती उठत नाही.

मी सेंट जॉन्समध्ये, कानाला हेडसेट.
तिचा स्क्रीन मला दिसत नाही,
ती वाचते तसा मनात मांडत जातो.
"पोर्ट पंचवीस, असं लिहिलंय."
ते आम्ही मंगळवारी बंद केलं, बाई.
पाचशे सत्त्याऐंशी टाका.
"चाळीस वर्षं धक्क्यावर कॉड उतरवला मी,
बंदर बंद झालं की कुणी येऊन सांगायचं तरी."

खाली एक चौकोन आहे, त्यात खूण करा.
पाठवणाऱ्याची ओळख पटवावी लागते आता.
"मला ओळखत नाही असा कोण बसलाय तिथे?"
पासवर्ड ती अक्षर अक्षर मोठ्याने सांगते,
मी नको म्हणेपर्यंत सांगूनही होतो:
एका बोटीचं नाव, आणि साल.

ओके दाबा.

नऊ पत्रं तुंबली होती.
ती मोजते. चर्चचा केक, दातांचा डॉक्टर,
पाच, सहा,
आणि मग, "थांबव. ते थांबव."

अल्बर्टातला भाऊ. बापाची बोट विकली त्याने, न विचारता.
मंगळवारी रात्रीच लिहिलं होतं,
सकाळी अडकलेलं पाहून म्हणाली होती, बरंच झालं.

थांबवता येत नाही. मी तसं सांगतो.

किटली गप्प होते.
कप ठेवल्याचा आवाज.
"येणारं चालू आहे ना?"
हो, ते कधीच बंद नव्हतं.
"मग बसते," म्हणते,
आणि फोन ठेवायचा विसरते.