नऊ नंबरची सुई

रात्री दोन ते चार आमच्याकडं फारसं कुणी येत नाही.
आलंच तर मोटारसायकलवरून पडलेलं,
मनगट छातीशी धरून.
त्या रात्री तेही नाही, म्हणून
पिशवीतला अंगरखा मी टेबलावर निजवला,
बाह्या दोन्हीकडं पसरून,
आणि सवयीनं म्हणालो, हलू नका.

कंधारच्या मुनव्वर खतीबांचा अंगरखा.
कुणाच्या अंगावरचा, ते त्यांच्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं.
पंधरा दिवसांच्या बोलीवर दिला, अट एकच:
उसवायचा नाही.
आणि न उसवता आतली शिवण वाचायची कशी?
पंचवीस वर्षं झाली,
मी माणसं न उसवताच वाचत आलोय.

किरणं खाली आणली,
तान्ह्या लेकराच्या हाताला लागतात त्याहून कमी.
रजिस्टरात लिहिलं: अंगरखा. पुरुष. वय अंदाजे दोनशे.
मग खोडलं. 'प्लेट बाद' लिहिलं.

डार्करूमच्या लाल उजेडात
प्लेट हळूहळू बोलायला लागली.
सूत नव्हतं. अस्तर नव्हतं.
ज्या मशरूच्या पट्ट्यांवर मी भाळलो, त्या तर कुठंच नव्हत्या.
नुसती कलाबतूची वेल, पांढरी,
गळा नसताना गळ्याभोवती चढलेली.
आणि डाव्या बगलेत,
जिथं कळी, बाही अन् चौबगला एकमेकांत शिरतात,
नखाएवढी एक रेघ.
फ्रॅक्चर म्हणावं तर हाड नाही.
सुईचं टोक.

"काय करायलाव दुधगावकर?" किशनमामा दारातून.
"काही नाही मामा. मोडलंय एका जागी."

आठ महिने लागले.
मशरू पैठण गेटजवळच्या एका म्हाताऱ्याकडून आणलं,
जयमालाला भाव निम्मा सांगितला.
तिनं कापड दोन बोटांत धरलं, सोडलं,
चहा ठेवायला आत गेली.
मार्चात हाताचा घाम टाक्यात उतरायचा,
म्हणून पहाटे शिवलं. मे महिन्यात सुईला हातच लावला नाही.
कळ्या दोनदा उलट्या जोडल्या.
जर कापडाच्या आत जात नाही, वरच निजते,
खालून एक साधा दोरा तिला धरून ठेवतो,
हे समजायला पाऊण वेल वाया गेली.
पोरगा म्हणाला, बाबा, हे घालून जायचं कुठं?
मी म्हणालो, तू मॅच बघून कुठं जातोस?

आणि मग नेमकी तिथंच,
डाव्या बगलेत, माझी सुई मोडली.
नऊ नंबरची, नवी.
थर मोजले: नऊ.
जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवून पाहिलं,
टोक नुसतं आतल्या आत सरकलं.
मी एकटाच हसलो, मोठ्यानं.
इतके दिवस त्याला मी मनात
आळशी म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी दुसरी प्लेट.
दोन्ही शेजारी शेजारी लावल्या, उजेड केला.
दोन बगला, दोन मोडकी टोकं,
पण माझ्या टोकाचं तोंड पाठीकडं,
त्याचं छातीकडं.
बराच वेळ वाटलं, प्लेट उलटी लागली.
काढली, फिरवली, परत लावली.
उलटी नव्हती.
डावखोरा होता.
नाव नाही, गाव नाही, जात नाही, धनी कोण ते नाही.
डावखोरा, एवढंच.
त्या रात्री तीन हात मोडलेले आले, एक पाय.
प्रत्येकाला विचारलं, जेवता कुठल्या हातानं?

खतीबांचा अंगरखा परत दिला.
सांगितलं, आत सुई आहे, जपा.
ते म्हणाले, मग आम्ही लहानपणी घालून नाचायचो तेव्हा
टोचायचं ते काय?

माझ्या अंगरख्याचे चार बंद राहिलेत.
सुई डाव्या हातात घेतलीय.
टाके कोंबडीच्या पायासारखे पडायलेत,
उजवा अंगठा चाळण झालाय,
आणि दोरा ओवायलाच अर्धी दुपार जाते.
जयमाला चष्म्यावरून बघते. म्हणते,
उसवा की ते.
मी म्हणतो, अट आहे.